गॅरेजवाल्या काकांना मनापासून थँक्यू

काका, तोंडावर थँक्यू म्हटलं की तुम्ही "बरं बरं, पुढची गाडी घ्या रे" म्हणून विषय संपवता, म्हणून इथं लिहितोय, बाकीच्या डिझेलवाल्यांनाही उपयोग होईल.

आमची बीएस६ डिझेल आणि रनिंग सगळं पुण्यातलंच, घर ते शाळा ते ऑफिस, सिग्नलला थांबत थांबत. डीपीएफचा, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा, लाईट लागला तर एका ठिकाणी थेट फिल्टरच बदला म्हणाले, आकडा ऐकून आमची झोपच उडाली. तुम्ही आधी स्कॅनर लावून काजळी किती साचलीय ते बघितलंत, मग डिपस्टिक पुसून परत घालून मला दाखवलीत, ऑइल मॅक्सच्या खुणेच्याही वर! वाढलं कसं विचारलं तर बोटावर घेऊन वास घ्यायला लावलात, चक्क डिझेलचा वास. काजळी जाळायला इंजिन जास्तीचं डिझेल सोडतं, सहाशे डिग्रीच्या आसपास ती जळते, पण दरवेळी मध्येच गाडी बंद झाली की ते डिझेल पिस्टनच्या रिंगांवरून खाली ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतं आणि ऑइल पातळ होतं, हे इतकं नीट मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

ऑइल बदललंत, तेही मॅन्युअल बघून लो-अ‍ॅशच, कारण काजळी जळते पण ऑइलची राख फिल्टरमध्ये तशीच बसते. आणि मग हातातलं काम सोडून स्वतः शेजारी बसलात, फिल्टर तापून काजळी जळावी म्हणून कात्रजच्या बोगद्यापलीकडे हायवेला चौथ्या गिअरवर दोन-सव्वादोन हजार आरपीएम धरायला लावलेत, शिरवळच्या अलीकडे लाईट गेला! लाईट नुसता लागला असेल तर असं हायवेला न्यायचं, पण ब्लिंक होत असेल किंवा गाडी पिकअपच घेत नसेल तर रेटायची नाही, सरळ गॅरेज, हेही बजावलंत.

घाट चढून आल्यावर टर्बो तापलेला असतो, लगेच चावी फिरवायची नाही, मिनिटभर आयडलला ठेवायची, हे आता बायकोसुद्धा मला आठवण करून देते. आणि डिझेल फिल्टरखालचा स्क्रू ढिला करून तुम्ही बाटलीत काढलेलं ते पाणी, खाली पाणी आणि वर डिझेल, त्याचा फोटो मी भावाला पाठवलाय, त्याचीही डिझेलच आहे. पावसाळ्याआधी दोघंही गाड्या घेऊन येतो, आणि त्या दिवशीच्या हायवेच्या फेरीचे पैसे तुम्ही घेतले नाहीत ते तेवढे या वेळी घ्याच.