रंगाची बाटली उघडण्यापूर्वीचे काम शिकवणाऱ्या कोल्हापूरच्या मामांना

आदरणीय मामा,

सादर नमस्कार. चामड्यावर रंग सारखा कसा बसवावा, हे आपण हातचे काही राखून न ठेवता मला शिकवलेत, त्याबद्दल आपले मनापासून आभार. हे पत्र मी सर्वांसमोर लिहीत आहे, कारण हाताने पिशव्या, पट्टे आणि पाकिटे करणाऱ्या इतरांनाही या शिकवणीचा उपयोग व्हावा असे मला वाटते.

कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि तिचे नाव महाराष्ट्र व कर्नाटकातील आठ जिल्ह्यांशी अधिकृतपणे जोडले गेले, हे अनेकांना ठाऊक असते. परंतु बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावलेले ते चामडे रंगाला कसा प्रतिसाद देते, हे ज्यांच्या हातांना कळते ती माणसे फार थोडी आहेत. आपण त्यांपैकी एक आहात.

रंग डागाळतो तेव्हा आम्ही सगळे रंगाला दोष देतो. आपण मात्र मला आधी कातडे वाचायला लावलेत. पाठीकडचा भाग घट्ट असतो आणि पोटाकडचा सैल, त्यामुळे पोटाकडचे चामडे रंग अधाशासारखे पिते व गडद दिसते. म्हणून जोडीच्या दोन्ही वस्तू कातड्याच्या सारख्याच भागातून कापाव्यात आणि रंगाची परीक्षा त्याच कातड्याच्या दोन निरनिराळ्या ठिकाणच्या तुकड्यांवर घ्यावी, हा आपला पहिला धडा होता. माझ्या मते निम्मे यश तिथेच ठरते.

त्यानंतर पृष्ठभाग स्वच्छ करणे. बोटांचे तेल, मेण किंवा आधीच्या लेपाचा अंश जिथे राहतो तिथे रंग शिरत नाही, आणि कोरड्या चामड्यावर पहिला थेंब पडताच तिथेच मुरून ठिपका उमटतो. त्यासाठी ओल्या स्पंजने सगळीकडे सारखी ओल द्यावी, पाणी मुरून चामड्याचा मूळ रंग परत दिसू लागेपर्यंत थांबावे आणि मगच रंगाला हात घालावा, असे आपण सांगितलेत. रंगही पातळ करून, सुती कापडाच्या बोळ्याने, आधी गोलाकार आणि पुढच्या वेळी उभा-आडवा असा द्यावा. गडद छटा हवी असेल तर रंग दाट न करता त्याचे पातळ हात, म्हणजे थर, वाढवावेत. स्पिरिटमधला रंग झटकन वाळतो व जिथे दोन हात एकमेकांवर चढतात तिथे रेघ उरते, म्हणून मोठ्या पट्ट्यावर मध्ये न थांबता एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत काम पुरे करावे, हे बारीक पण मोलाचे आहे.

लोखंडाविषयीची आपली ताकीद तर मी कार्यशाळेच्या भिंतीवरच लिहून ठेवली आहे. झाडाच्या सालीतील टॅनिन हा तुरट घटक आणि लोह एकत्र आले की काळा-निळा रंग तयार होतो. हिराकस, म्हणजे लोहाचा क्षार, वापरून चामडे मुद्दाम काळे करतात ते याच कारणाने. मग ओल्या चामड्यावर गंजलेली पट्टी किंवा लोखंडी बादलीतले पाणी लागले, तर नको असलेला डाग पडणारच. असा डाग ऑक्झॅलिक आम्लाच्या सौम्य द्रावणाने फिका होतो, मात्र ते विषारी असल्याने हातमोजे घालावेत आणि नंतर चामडे स्वच्छ पाण्याने पुसून घ्यावे, हेही आपण आवर्जून बजावलेत.

रंगवलेली वस्तू सावलीत सपाट वाळवावी, कारण असे चामडे उन्हाने असमान काळवंडते. पूर्ण वाळल्यावर कोरड्या कापडाला रंग लागेनासा होईपर्यंत ती घासावी आणि मग तेलाचा अगदी हलका हात द्यावा. तेल मुरल्यावर छटांमधला उरलासुरला फरकही बराच मिटतो. जनावराच्या अंगावरची जुनी खूण तरीही दिसत असेल, तर ती रंगाखाली दडपण्याऐवजी ग्राहकाला दाखवावी, हे आपले मत मला पूर्णपणे पटले आहे.

आपल्या पिढीचे हे ज्ञान बहुतांशी बोलण्यातून आणि हातांतून पुढे आले आहे. हिराकशीने काळा रंग करण्याची आपली रीत, प्रमाणे आणि क्रमासह, आपल्याजवळ बसून लिहून घेण्याची परवानगी द्यावी, ही विनंती. आपल्याला सवड असेल तेव्हा कळवावे. मी वही घेऊन येईन.

आपला कृतज्ञ,
पुण्यातील एक चर्मवस्तू कारागीर