ताई, तुम्ही मला कॉकाटील घेऊ दिला नाहीत, त्याबद्दल

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र आधी फक्त तुमच्यासाठीच लिहायला घेतलं होतं. पण पहिलाच पक्षी घरी आणायचा आणि दोन जातींत मन अडकलेलं, अशी माणसं बरीच भेटतात. तुम्ही मला जे दिलंत ते त्यांनाही मिळावं, म्हणून सगळ्यांसमोर लिहिते आहे.

तुमच्याकडे आले तेव्हा माझं जवळजवळ ठरलेलं होतं. कॉकाटील. राखाडी अंग, पिवळं डोकं, गालावर केशरी ठिपका, खांद्यावर बसून शीळ घालणारा नर. ग्रीन चीक कॉन्युअर या छोट्या पोपटाचं नाव मी घेतलं ते उगाच, विचार केल्यासारखं दिसावं म्हणून. तो चावतो एवढंच कानावर होतं. तुमच्या तोंडून 'कॉकाटीलच घे' हे ऐकायचं होतं, आणि तुम्ही ते सहज म्हणू शकला असतात. तुमच्या घरी तीन कॉकाटील आहेत, त्यांच्यावर तुमचा जीव किती आहे ते मी पाहिलंय. पण तुम्ही विचारलंत, "घरी कोण कोण असतं?"

बाबांच्या दम्याचं मी ओघात बोलून गेले. तुम्ही लगेच उठलात आणि पिंजऱ्याखाली अंथरलेलं काळं कापड दाखवलंत. सकाळी झटकून घातलेलं ते कापड संध्याकाळी पीठ चाळल्यासारखं पांढरं झालं होतं. कॉकाटील दिसतो छोटा, पण कुळाने काकाकुवा, त्या कुळातला सगळ्यांत लहान. आणि या कुळाच्या अंगावर एक खास प्रकारची पिसं असतात, जी वाढत राहतात आणि टोकाशी चुरून त्यांची भुकटी होत राहते, हे तुम्ही तेव्हा समजावून सांगितलंत. पक्ष्याला तिचा उपयोग असतो, तो ती चोचीने पिसांवर पसरवतो. दमेकऱ्याच्या छातीला मात्र ती सोसत नाही. कितीही झाडलं-पुसलं तरी ती रोज नव्याने तयार होणार.

त्या रात्री मला तुमचा राग आला होता ताई. आज सांगून टाकते. मनात त्या पक्ष्याचं नावसुद्धा ठरलं होतं.

कॉन्युअरकडे तुम्ही मला वळवलंत तेही घाईने नाही. तो त्या मानाने खूपच कमी धूळ करतो, पण "कमी म्हणजे शून्य नव्हे, कोंडा आणि वाळलेली शी प्रत्येकच पक्ष्याची असते," असं म्हणून आधी बाबांच्या डॉक्टरांना विचारायला लावलंत. त्यांनी हो म्हटल्यावर तुमच्या मैत्रिणीच्या घरी, तिच्या कॉन्युअरच्या खोलीत, बाबांना तीन वेळा बसवलंत. पहिल्यांदा पंधरा मिनिटं, मग अर्धा तास, मग अख्खी दुपार. इतकं कोण करतं दुसऱ्यासाठी?

आणि मग त्या पक्ष्याबद्दल जे खरं ते सगळं सांगितलंत. कॉकाटीलचं मन त्याच्या तुऱ्यावर वाचता येतं: दचकला की तुरा ताठ, निवांत असला की अर्धवट मागे, चिडून फिसकारताना डोक्याला चिकटलेला. नवशिक्या माणसाला ती केवढी मोठी सोय! कॉन्युअरला तुरा नाही. त्याच्या डोळ्यांकडे बघायचं, बाहुली भराभर लहान-मोठी होते का. मानेची पिसं फुलतात का, अंग ताठरतं का. "चावण्याआधी तो तीनदा सांगतो, आपलंच लक्ष नसतं," हे तुमचं वाक्य मी पहिल्या महिन्यात रोज आठवलं. मिरी, म्हणजे शेवटी घरी आणलेली माझी कॉन्युअर, मला जेवढ्या वेळा चावली ते सगळं त्याच महिन्यात, आणि प्रत्येक वेळी मी हात पुढे करायची घाई केली होती.

दोघांची घरंच वेगळी, ही तुमची गोष्ट मला फार आवडली. कॉकाटील ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या, मोकळ्या मुलुखातला. थव्याने पाण्यामागे फिरणारा, जमिनीवर उतरून बिया टिपणारा. ग्रीन चीक कॉन्युअर बोलिव्हिया, ब्राझील, पॅराग्वे, अर्जेंटिनाकडच्या जंगलांतला, झाडांवर फळं-बिया शोधत हिंडणारा आणि झाडाच्या ढोलीत शिरणारा. मिरी माझ्या सदऱ्याच्या बाहीत का घुसते ते मला त्यामुळे कळलं. म्हणूनच मी तिच्यासाठी कापडी तंबू घ्यायला निघाले, तेव्हा तुम्ही अडवलंत: धागे पोटात जाऊन अडकतात, आणि त्या अंधाऱ्या जागेला पक्षी घरटं समजू लागतो. मिरी, बरं का, नर की मादी हे पिसांवरून कळलंच नसतं. डीएनए तपासणीत मादी निघाली.

कागदपत्रांचा आग्रहही तुमचाच. जंगली प्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या साइट्स कराराच्या याद्यांतून कॉकाटील वगळलेला आहे, पण कॉन्युअर दुसऱ्या परिशिष्टात येतो, हे मला कुठे माहीत होतं? पिल्लू पिंजऱ्यातच जन्मलेलं आहे याचा पुरावा दाखवल्याशिवाय घ्यायचं नाही, असं तुम्ही बजावलंत. एका विक्रेत्याने टाळाटाळ केली, तिथून मी परत आले.

पण सगळ्यांत मोठं ऋण त्या छोट्या वजनकाट्याचं. रोज सकाळी, खाण्याआधी, ग्रॅममध्ये वजन आणि वहीत नोंद. मला ते अतिच वाटलं होतं. चौथ्या महिन्यात ६८ ग्रॅमची मिरी दोन दिवसांत ६३ वर आली. खात होती, खेळत होती, ओरडत होती. बघून कोणालाही कळलं नसतं. पक्षी आजार लपवतो हे तुमच्याकडून ऐकलं होतं, म्हणून त्याच दिवशी पक्ष्यांच्या डॉक्टरांकडे धावले. जंतुसंसर्ग होता. लवकर आणलंत, असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा मला तुमचाच चेहरा दिसला. पाच ग्रॅम ऐकायला काहीच नाहीत, पण तिच्या वजनाचा तो चौदावा हिस्सा होता.

नॉनस्टिकची भांडी मिरी येण्याआधीच घराबाहेर गेली. फार तापली की त्यांच्यातून निघणारा वायू पक्ष्याचा काही मिनिटांत जीव घेऊ शकतो, हे ऐकल्यावर एक दिवसही ठेववली नाहीत. सुगंधी मेणबत्त्याही गेल्या.

आता बाबांचं. आठ महिने झाले, त्यांचा पंप पूर्वीइतकाच लागतो, जास्त नाही. पिंजरा त्यांच्या झोपायच्या खोलीपासून लांब आहे, सफाई मी करते, ओल्या फडक्याने. संध्याकाळी मिरी त्यांच्या मनगटावर उताणी पडते आणि ते एका बोटाने तिची मान खाजवतात. आई गेल्यानंतर बाबा संध्याकाळी फारसे बोलत नसत. आता तिच्याशी बोलतात, आणि मधूनच माझ्याशीही.

पुढच्या रविवारी येते. तुमच्या थोरल्या कॉकाटीलची नवी शीळ ऐकायची आहे, त्याला मांडीवर घ्यायचंही आहे. घरी परतल्यावर आधी अंघोळ, कपडे बदलायचे, आणि मगच बाबांजवळ आणि मिरीजवळ जायचं. लक्षात आहे.

तुमची,
मिरीवाली