१६ गेजच्या बंदुकीबद्दल काकांना जाहीर आभारपत्र

आदरणीय काकांस,

कृतानेक साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

माझ्या पत्नीच्या आजोबांची, बेल्जियममध्ये बनलेली १६ गेजची (गेज म्हणजे नळीच्या जाडीचे माप) ब्राउनिंग बंदूक आम्ही विकून टाकण्याच्या बेतात असताना तुम्ही आम्हाला जो वेळ दिलात आणि त्याहून मोलाची जी माहिती दिलीत, तिच्याबद्दल हे पत्र आहे. आभार दूरध्वनीवरूनही मानता आले असते. परंतु मिनेसोटा, आयोवा आणि दक्षिण डकोटा या भागांत राहणाऱ्या मराठी कुटुंबांपैकी कित्येकांच्या घरी सासरच्या किंवा शेजारच्या वडीलधाऱ्या मंडळींकडून अशी एखादी जुनी बंदूक येते आणि तिचे करायचे काय हे कोणालाच ठाऊक नसते. त्यांच्याही उपयोगी पडावे म्हणून तुमच्या अनुमतीने हे पत्र सर्वांसमोर ठेवत आहे. नाव येऊ नये ही तुमची अट अर्थातच पाळली आहे.

ज्या दुकानात ती बंदूक आम्ही प्रथम दाखवली, तेथील गृहस्थांनी तिच्याकडे धड पाहिलेही नाही. सोळा गेज आता कोणी वापरत नाही, काडतुसे मिळत नाहीत, तेव्हा मिळेल ती किंमत पदरात पाडून घ्या, असा त्यांचा सूर होता. तुमच्याकडे आलो तेव्हा तुम्ही मात्र किमतीचा विषयच काढला नाहीत. बंदूक रिकामी आहे याची स्वतः दोनदा खात्री करून घेतलीत, नळी उतरवलीत आणि खणातून चेंबर, म्हणजे नळीत काडतूस बसण्याची जागा, मोजण्याचे लहानसे माप काढून ते नळीच्या मागच्या तोंडातून आत सरकवलेत. ते पावणेतीन इंचांच्या खुणेच्या बरेच अलीकडे अडले. महायुद्धापूर्वी बेल्जियममध्ये बनलेल्या या जातीच्या १६ गेज बंदुकांचे चेंबर २ ९/१६ इंचांचे, म्हणजे ६५ मिलिमीटरचे असते आणि आज दुकानात सर्रास मिळणारे काडतूस पावणेतीन इंची, म्हणजे ७० मिलिमीटरचे असते, हे तुम्ही तेव्हा सांगितलेत.

या पाच मिलिमीटरांतील धोका तुम्ही ज्या पद्धतीने समजावलात, ती येथे मुद्दाम नोंदवतो. काडतुसाची लांबी मोजली जाते ती बार उडून त्याचे दुमडलेले तोंड उलगडल्यानंतरची. त्यामुळे न उडालेले लांब काडतूस आखूड चेंबरमध्ये विनातक्रार बसते आणि सारे काही ठीक असल्याचा भास होतो. बार उडाला की उलगडणाऱ्या तोंडाला पुरेशी जागा उरत नाही, ते पुढच्या निमुळत्या भागात शिरते, छर्ऱ्यांची वाट अरुंद होते आणि नळीतील दाब वाढतो. शिवाय या बंदुकीत रिकामी पुंगळी बाहेर पडण्याची खिडकीही आखूड काडतुसाच्या मापाने कापलेली असल्यामुळे लांब पुंगळी तिथेच अडकून बसते. चेंबर आणि खिडकी वाढवून घेण्याचा मार्ग आहे आणि अनेकांनी तो पत्करलाही आहे. पण अडीच इंची काडतुसे बनवणारे काही छोटे उत्पादक आजही असताना मूळ बंदुकीवर कानस चालवण्याचे कारण नाही, हे तुमचे मत आम्हाला पूर्णपणे पटले.

त्यानंतर तुम्ही नळीखालचे लाकूड काढून काडतुसांच्या नळकांड्यावरची कडी दाखवलीत. जॉन ब्राउनिंग यांच्या या रचनेत बार उडाल्यावर संपूर्ण नळीच मागे सरकते आणि तिला आवरण्याचे काम एक जाड स्प्रिंग आणि तिच्यापुढचे ब्राँझचे कडे करते. जड काडतूस असेल तर पोलादी कडे स्प्रिंग आणि ब्राँझच्या कड्याच्या मध्ये बसवायचे. हलके असेल तर तेच कडे स्प्रिंगच्या मागे, रिसीव्हरच्या (यंत्रणा असलेल्या मधल्या पोलादी पेटीच्या) बाजूला ठेवायचे. आमच्या बंदुकीत कडे मागे होते आणि आजोबांच्या डब्यात काडतुसे जड भाराची होती. नळीखालच्या लाकडाला गेलेली केसाएवढी चीर बोटाच्या नखाने चाचपत ‘हे त्याचेच फळ’ एवढेच तुम्ही म्हणालात आणि ती चीर आतल्या बाजूने चिकटवून देण्याचे कामही अंगावर घेतलेत.

ज्या वाचकांना हा विषय नवा आहे, त्यांच्यासाठी थोडे मागे जातो. आपल्याकडे कोकणात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर दिसते ती बहुधा १२ बोअर (बोअर म्हणजे गेजच) किंवा ठासणीची बंदूक; १६ बोअर क्वचितच नजरेस पडते. एक पौंड शिशाचे सारख्या वजनाचे सोळा गोळे केले, तर त्यांतील एक गोळा ज्या नळीत नेमका बसेल ती १६ गेजची नळी. तिचा व्यास सुमारे १६.८ मिलिमीटर भरतो. बाराची नळी साधारण १८.५, तर विसाची १५.६ मिलिमीटर असते. म्हणजे सोळा ही दोहोंच्या मधली, आणि तिच्यावर जे काही ओढवले त्याचे मूळ या मधल्या जागेतच आहे.

एके काळी अमेरिकेत बाराच्या खालोखाल सोळाचाच मान होता. विंचेस्टरच्या मॉडेल १२ मध्ये ती १९१४ पासून मिळू लागली. पार्कर, फॉक्स, एल. सी. स्मिथ यांच्या दुनळी बंदुकांत ती असे आणि १९५० मध्ये रेमिंग्टनची ८७० बाजारात आली तेव्हाही १२, १६ आणि २० असे तिन्ही गेज तिच्यात होते. मग तिला उतरती कळा का लागली? ती नेम धरून मारायला कमी पडली म्हणून नव्हे, तर इतरांच्या सोयीत ती बसली नाही म्हणून, हे तुमचे उत्तर मी अनेक अंगांनी तपासून पाहिले आणि ते टिकले. १९२० च्या दशकात मॅसॅच्युसेट्समधील अँडोव्हर येथे ग्राउस पक्ष्याच्या शिकारीचा सराव म्हणून स्कीटचा, म्हणजे हवेत उडवलेल्या मातीच्या तबकड्या टिपण्याचा, खेळ आकाराला आला. पुढे त्याच्या स्पर्धांसाठी १२, २०, २८ आणि ४१० (हा आकडा गेजचा नसून इंचाच्या हजारांशांतील व्यासाचा) असे चार गट ठरले आणि सोळा वगळली गेली. मातीच्या तबकड्यांवर मुळात काडतुसे शेकड्यांनी उडतात, शिकारीत मोजकी. त्यामुळे स्वस्त काडतुसे, दारू आणि छर्रे यांच्यामधल्या नव्या डाट्या, नवी दारू हे सारे संशोधन स्पर्धेतील गेजकडे वळले आणि सोळाच्या वाट्याला उरलेसुरले आले. १९५० च्या दशकात विसाला तीन इंची मॅग्नम, म्हणजे जास्त भाराचे, काडतूस मिळाले, त्यात सव्वा औंस छर्रे मावू लागले आणि सोळाचा उरलासुरला युक्तिवादही कागदावर तरी फोल ठरला.

याहून मोठी हानी उत्पादकांनीच केली, असे मला वाटते. वेगळा साचा ठेवण्याचा खर्च वाचवण्यासाठी अनेकांनी सोळाची नळी बाराच्याच रिसीव्हरवर चढवली. बाराचे वजन आणि सोळाचा भार अशा या बंदुका हाती आल्यावर गिऱ्हाईक बाराकडे वळले, यात त्याला दोष देता येत नाही. शेवटचा घाव कायद्याने घातला आणि तो घालणे योग्यच होते: पाणथळीत पडलेले शिशाचे छर्रे गिळून बदके विषबाधेने मरत, म्हणून १९९१ पर्यंत पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिसे अमेरिकाभर बंद झाले. पोलाद शिशापेक्षा हलके. तेवढाच परिणाम साधायला छर्रे मोठे हवेत आणि काडतुसात जागा जास्त हवी. बाराला तीन इंची आणि पुढे साडेतीन इंची काडतूस मिळाले, विसाला तीन इंची होतेच. सोळा पावणेतीनवरच थांबलेली असल्यामुळे बदकांच्या पाणथळीवरून तिला काढता पाय घ्यावा लागला. युरोपात, विशेषतः जर्मनी आणि फ्रान्समध्ये, तिचे स्थान अधिक काळ टिकले. तिथल्या तीन नळ्यांच्या ड्रिलिंग बंदुकांत छर्ऱ्यांच्या नळ्या पुष्कळदा सोळाच्याच असतात.

एवढे होऊनही ती संपली का नाही, याबद्दल तिचे चाहते जे सांगतात त्यातले सगळेच तुम्ही मान्य करत नाही, हे मला विशेष आवडले. सोळाच्या गोळ्याचे वजन एक औंस आणि काडतुसातील छर्ऱ्यांचे वजनही एक औंस, म्हणून तिचा मारा अद्भुत रीतीने एकसारखा पसरतो, असे मानणारा एक पंथच आहे. ‘बाराच्या नळीतून एक औंस छर्रे मारा आणि कागदावरची भोके मोजून मला फरक दाखवा,’ असे तुम्ही हसून म्हणालात. तिचे खरे गुण तुमच्या मते हातात आहेत. आजोबांची बंदूक पावणेसात पौंडांच्या आसपास भरते; त्याच जातीची बाराची आठ पौंडांकडे झुकते. दक्षिण डकोटात ऑक्टोबरच्या तिसऱ्या शनिवारी फेझंट पक्ष्याच्या शिकारीचा हंगाम सुरू होतो तेव्हा कंबरभर गवतातून दिवसभर बंदूक हातात धरूनच चालायचे असते, बार मात्र चार-दोनच काढायचे असतात. तिथे हा सव्वा पौंड संध्याकाळी खांद्याला कळतो. विसाहून भारदस्त असल्यामुळे ती पक्ष्यामागे फिरवताना डगमगत नाही, आणि एक औंस किंवा त्याहून थोडे अधिक छर्रे अंगावर धक्का न घेता टाकते. शिकारीला एवढे पुरते. मी स्वतः अजून पाठीमागे चालणाराच आहे. पण पत्नीच्या मामांनी ती खांद्याला लावली तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरून मला जे समजायचे ते समजले.

अलीकडे वारे थोडे फिरले आहे. ब्राउनिंगने २०१६ मध्ये ‘स्वीट सिक्स्टीन’ हे जुने नाव नव्या ए-५ बंदुकीला दिले आणि तिचा रिसीव्हर सोळाच्याच मापाचा ठेवला. तिचे वजन सहा पौंडांच्या आत आहे. वजनाने शिशाच्या जवळपास जाणारे बिस्मथ धातूचे छर्रे आल्यामुळे, पोलादाने ज्यांचे चोक (नळीच्या तोंडाजवळचा आवळलेला भाग) खराब होण्याची भीती असते अशा जुन्या नळ्यांनाही पाणथळ राखीव क्षेत्रांत जाता येऊ लागले आहे. अडचण खिशाची आहे: बिस्मथ महाग, सोळाची काडतुसे बाराहून महाग, आणि अडीच इंची तर शोधूनच मागवावी लागतात. तरुणाने पहिली बंदूक म्हणून सोळा घ्यावी असे मी म्हणणार नाही, आणि तुम्हीही म्हणाला नाहीत. घरात आलेली असेल तर मात्र ती मोडीत काढण्यापूर्वी चेंबर मोजून घ्यावे, कडी तपासावी आणि तुमच्यासारख्या जाणकाराला दाखवावी, एवढे आवर्जून सांगतो.

सर्व कामाचे मिळून तुम्ही फक्त सरसाचे पैसे घेतलेत, यावर घरात अजून चर्चा चालू आहे आणि सौभाग्यवतींना ते मुळीच मान्य नाही. मामांनी वापरलेल्या जांभळ्या पुंगळ्या तुमच्या सूचनेप्रमाणे मी एका पिशवीत जमा करत आहे. त्या अडीच इंचांवर कापून तुमच्या यंत्रावर पुन्हा कशा भरायच्या, हे दाखवण्याचे तुम्ही कबूल केले आहे. हिवाळा सरल्यावर तुमच्या सवडीचा एखादा रविवार कळवावा. काकूंना आम्हा उभयतांचा नमस्कार सांगावा.

कळावे, लोभ आहेच, तो वृद्धिंगत व्हावा ही विनंती.

आपला नम्र,
आजोबांच्या बंदुकीचा सध्याचा राखणदार