नोंदीचा क्रमांक आणि मनगटातली नस

मुलुंड (पूर्व), मुंबई

चि. मुक्ता हिस,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर तू दोन गोष्टी सांगितल्यास. पहिली तावातावाने सांगितलीस: डेटाबेसमधल्या ग्राहकांच्या टेबलाला मोबाइल नंबर हीच प्रायमरी की, म्हणजे प्रत्येक नोंदीची एकमेव ओळख, असावी असे तुझ्या टीममधल्या ज्येष्ठांचे म्हणणे आहे, तुला ते पटत नाही, पण का पटत नाही हे मीटिंगमध्ये नीट मांडता आले नाही. दुसरी जाता जाता सांगितलीस: हल्ली रात्री उजव्या हाताला मुंग्या येतात आणि जाग येते. फोन ठेवल्यावर मला झोप लागली नाही ती या दुसऱ्या गोष्टीमुळे. तरीही आधी पहिलीबद्दल लिहिते, कारण तो निर्णय तुमच्याकडे याच आठवड्यात व्हायचा आहे.

१९९४ साली मी नोकरीला लागले तेव्हा माझ्याकडे एका पतपेढीचे काम आले. सगळे फॉक्सप्रो या त्या काळच्या डेटाबेसमध्ये होते. सभासदांची एक फाइल आणि कर्जांची दुसरी. कोणते कर्ज कोणाचे हे कळावे म्हणून आधीच्या प्रोग्रामरने कर्जाच्या नोंदीत सभासदाचा रेकॉर्ड नंबर लिहून ठेवला होता. रेकॉर्ड नंबर म्हणजे त्या नोंदीची फाइलीतली जागा. रांगेत माणूस कितवा उभा आहे एवढेच तो सांगतो. माणूस कोण आहे ते सांगत नाही. फॉक्सप्रोमध्ये नोंद डिलीट केली तरी ती लगेच जात नसे, तिच्यावर फक्त तशी खूण होई, आणि पुढे कधीतरी पॅकची आज्ञा दिली की खुणेच्या नोंदी खरोखर निघून जात व मागच्या नोंदी वर सरकत. मार्चअखेरीला फाइल फुगली म्हणून मी पॅक दिले. एरर आला नाही, सगळे रिपोर्ट निघाले, कर्जांची बेरीजसुद्धा जुळली, कारण रकमा जागच्या जागी होत्या. बदलली होती ती त्यांच्यासमोरची माणसे.

बारा दिवसांनी लालबागहून एक वृद्ध गृहस्थ आले. गिरणीत आयुष्य गेलेले, अंगात धुतलेला पांढरा शर्ट, आणि खिशातून त्यांनी चार घड्या घातलेली थकबाकीची नोटीस काढली. त्यांनी जन्मात कर्ज काढले नव्हते. ते ओरडले असते तर मला सोपे गेले असते, पण ते घाबरले होते. "बाई, माझी सही दाखवा," एवढे एकच वाक्य ते पुन्हा पुन्हा म्हणत होते आणि नोटिशीवरच्या स्वतःच्या नावावर बोट टेकवत होते. यादीत त्यांच्या आधीची चार नावे पॅकमध्ये निघून गेली होती, त्यामुळे चार जागा आधीच्या माणसाचे कर्ज त्यांच्या नावावर येऊन बसले होते. पुढच्या तीन रात्री मी आणि तिथले कारकून कागदी खतावणी उघडून एकेक नाव जुळवत बसलो होतो.

तू जो प्रश्न विचारलास त्याचे माझे उत्तर त्या माणसाच्या बोटाखाली आहे. नोंदीची ओळख अशा गोष्टीवर टांगायची नाही, जी दुसऱ्या कोणाच्या तरी हातून बदलू शकते. मोबाइल नंबर ग्राहकाचा नसतो, कंपनीने त्याला वापरायला दिलेला असतो. तो बंद झाला की काही काळाने दुसऱ्या माणसाला दिला जातो, आणि मग तुमच्या टेबलात पहिल्याच्या खरेदीचा इतिहास दुसऱ्याच्या हाती लागतो. शिवाय आपल्याकडे घरात एकच नंबर तिघांनी दिलेला असतो; सासूबाईंच्या प्रत्येक फॉर्मवर माझाच नंबर आहे हे तू पाहिले आहेस. आणि नंबर बदलला की तो फक्त ग्राहकाच्या टेबलात बदलून भागत नाही; ऑर्डर, पावत्या, तक्रारी, जिथे जिथे तो फॉरिन की, म्हणजे ग्राहकाच्या नोंदीकडे बोट दाखवणारी खूण, म्हणून गेला तिथे तिथे बदलावा लागतो.

"पण असे किती वेळा होते?" असे तुला विचारतील. मुंबईतली उदाहरणे सांग. २००२ साली इथल्या एमटीएनएलच्या लँडलाइन नंबरांच्या पुढे २ लागला आणि सात आकडी नंबर आठ आकडी झाले. एका ग्राहकाचा नव्हे, जवळजवळ सगळ्या शहराचा नंबर बदलला. मी तेव्हा ज्या ठिकाणी होते तिथे टेलिफोन नंबर हाच खात्याचा क्रमांक होता. दोन शनिवार-रविवार आम्ही घरी गेलो नाही. कोणी म्हणेल की नंबर बदलतात, नावे तर बदलत नाहीत. व्हीटी स्टेशनचे १९९६ साली सीएसटी झाले आणि २०१७ साली नावात 'महाराज' हा शब्द आला, तर रेल्वेचा स्टेशन कोडसुद्धा सीएसटीएमचा सीएसएमटी झाला. एल्फिन्स्टन रोडचे २०१८ साली प्रभादेवी झाले. फलाट तिथेच राहिले, गाड्याही त्याच राहिल्या, पण ज्याने नाव किंवा कोड ही की धरली असेल त्याला आपल्याच जुन्या नोंदी सापडेनाशा झाल्या असतील.

नाव आणि जन्मतारीख मिळून की करू, असे सुचवणाराही एक जण प्रत्येक ऑफिसात असतो. त्याला १ जूनची आठवण करून दे. आपल्याकडे गावोगावी पोराला शाळेत घालताना जन्मतारीख ठाऊक नसली की गुरुजी १ जून लिहीत. तुझ्या आजोबांची जन्मतारीख तीच, त्यांच्या दोन्ही भावांचीही तीच. एकाच गावातली, एकाच आडनावाची, एकाच तारखेला जन्मलेली तीन माणसे कागदावर आहेत आणि तिघेही खरे आहेत. बायकांचे तर लग्नानंतर आडनाव बदलते, आणि काही घरांत नावही.

म्हणून ज्याला काहीही अर्थ नाही असा स्वतःचा क्रमांक नोंदीला द्यावा, तो डेटाबेसने निर्माण करावा, आणि एकदा दिला की कधीही बदलू नये. माझ्या पॅन कार्डाचे पाचवे अक्षर पाहा; तिथे आडनावाचे आद्याक्षर असते, आणि माझे पॅन लग्नाआधीचे असल्यामुळे तिथे अजून माहेरचे अक्षर आहे. आडनाव बदलले तरी क्रमांक बदलला नाही, हे आयकर खात्याने योग्यच केले, पण क्रमांकात अर्थ भरला की तो अर्थ एक दिवस शिळा होतो हेही त्यात दिसते. आधारचा बारा आकडी क्रमांक ठरवताना ही चूक टाळलेली आहे: त्या आकड्यांवरून राज्य, लिंग, वय काहीच कळत नाही, आणि शेवटचा आकडा केवळ आधीचे आकडे बरोबर टाइप झाले की नाही हे तपासण्यासाठी आहे. (याचा अर्थ आधार क्रमांक तुमच्या टेबलात की म्हणून घ्यावा असा मुळीच नाही, तो साठवण्यावर कायद्याची बंधने आहेत.)

इथे एक गोष्ट मात्र विसरू नकोस, कारण तरुण प्रोग्रामर नेमकी तीच विसरतात. स्वतःचा क्रमांक दिला म्हणजे दुबार नोंदी थांबल्या असे होत नाही. तोच माणूस दोनदा भरला गेला तर डेटाबेस त्याला आनंदाने दोन क्रमांक देईल. जे खऱ्या जगात एकमेव असायला हवे, मग ते पॅन असो वा ईमेल, त्यावर वेगळे युनिक बंधन घालावेच लागते. तसेच बिलाचा क्रमांक आणि नोंदीचा क्रमांक एक करू नका. व्यवहार (ट्रान्झॅक्शन) रोलबॅक झाला, म्हणजे रद्द होऊन मागे फिरला, की आपोआप वाढणाऱ्या क्रमांकात मध्ये खाच पडते, आणि जीएसटीच्या नियमाप्रमाणे बिलांचे क्रमांक सलग हवेत. ती खाच कोणत्या ऑडिटरला समजावत बसणार? कॉलमचा प्रकारही सुरुवातीलाच मोठा घ्या, कारण साधा बत्तीस बिटांचा इंटिजर २,१४,७४,८३,६४७ ला थांबतो. बाकी यूयूआयडी नावाची लांबलचक ओळखखूण घ्यावी की नाही वगैरे वाद तुमच्या डेटाबेसवर आणि कामाच्या आकारावर अवलंबून आहेत, ते तुम्ही तिथेच बसून ठरवा.

आता हाताबद्दल.

मला पहिल्यांदा मुंग्या आल्या त्या २०१३ साली. रात्री तीनच्या सुमारास जाग यायची, उजवा हात जणू दुसऱ्याचाच असावा तसा जड झालेला असायचा, आणि थर्मामीटर झटकावा तसा झटकला की बरे वाटायचे. बरे वाटायचे म्हणूनच मी दोन वर्षे कोणाला सांगितले नाही. दिवसभर की-बोर्ड, संध्याकाळी कणीक मळणे, ट्रेनमध्ये पाऊण तास वरची कडी धरून उभे राहणे. हात दुखणारच, असे मी स्वतःला सांगत होते. नंतर ब्लाउजचे हूक लावायला वेळ लागू लागला. एक दिवस बाबांच्या हातात चहाचा कप देताना तो मधल्यामध्ये निसटला आणि तू धावत फडके घेऊन आलीस. त्या दिवशीही मी ओल्या हाताचे कारण सांगितले.

मग ती रात्र आली. एका ग्राहकाचा पत्ता दुरुस्त करायचा होता, एका नोंदीचे काम. आमच्या टूलमध्ये आज्ञेचा जेवढा मजकूर निवडला तेवढाच चालतो. माझ्या अंगठ्याला आणि पहिल्या दोन बोटांना माउस नीट जाणवत नव्हता, मी तीन ओळींऐवजी दोनच निवडल्या, आणि कोणती नोंद बदलायची ती अट सांगणारी व्हेअरची तिसरी ओळ बाहेर राहिली. 'एक नोंद बदलली' असे दिसायला हवे होते तिथे अठरा हजारांच्या वरचा आकडा दिसला. ट्रान्झॅक्शन उघडलेले नव्हते, त्यामुळे रोलबॅक करण्यासारखे काही उरले नव्हते. आदल्या रात्रीचा बॅकअप होता म्हणून पत्ते परत मिळाले, पण त्या दिवसभरात लोकांनी केलेले बदल एकेक करून पुन्हा भरावे लागले. तेव्हापासून मी नोंदी बदलणारी अपडेटची आज्ञा चालवण्यापूर्वी तीच अट घालून नोंदी नुसत्या दाखवणारी सिलेक्ट चालवते, नोंदी मोजते, ट्रान्झॅक्शन उघडते, आकडा जुळला तरच कमिट करून बदल कायम करते. हे तूही कर. पण त्या रात्री मला खरे कळले ते हे, की माझी बोटे मला खोटे सांगत होती.

डॉक्टरांनी तपासून सांगितले की मनगटाच्या हाडांच्या आणि वरच्या जाड पट्टीच्या मधून जी अरुंद वाट जाते तिच्यात मीडियन नावाची नस दबली आहे. ही नस अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू यांना संवेदना पुरवते; करंगळीला मात्र दुसरी नस जाते. दोष एकट्या टायपिंगचा नाही, असेही त्यांनी स्पष्ट सांगितले. मनगट वाकवून बसण्याची सवय, थायरॉइड, मधुमेह, घराण्यातला कल, अशा बऱ्याच गोष्टी मिळून हे होते. मला तेव्हा थायरॉइड निघाला. तू माझी मुलगी आहेस, म्हणून तुझी रक्ततपासणी याच महिन्यात व्हायला हवी, आणि यात मी तुझे काही ऐकणार नाही.

माझे ऑपरेशन झाले. ती पट्टी कापून नसेला जागा करून दिली, आणि रात्रीच्या मुंग्या काही आठवड्यांत थांबल्या. पण अंगठ्याच्या मुळाशी जो मांसल उंचवटा असतो तो तोपर्यंत झिजला होता, आणि तो पूर्ण भरून आला नाही. लोणच्याची बरणी आजही बाबांना उघडावी लागते. दोन वर्षे आधी गेले असते तर बहुधा रात्री मनगटाला बांधायच्या पट्ट्यावरच भागले असते, असे डॉक्टर म्हणाले. ते वाक्य मी अजून विसरलेले नाही.

तुझ्या खोलीचा फोटो मी पुन्हा पाहिला. तू पलंगावर मांडीवर लॅपटॉप घेऊन बसतेस, मनगटे लॅपटॉपच्या कडेवर टेकलेली आणि हात वरच्या बाजूला मुडपलेले. लॅपटॉप चार जाड पुस्तकांवर ठेव, वेगळा की-बोर्ड आण, त्याच्या मागचे पाय मिटून टाक, कोपर शरीराजवळ आणि मनगट सरळ राहील इतक्या उंचीची खुर्ची घे, माउस की-बोर्डला चिकटून ठेव. ऑफिसला जाताना पुण्याच्या रस्त्यांवर अर्धा तास स्कूटरचे हँडल आवळून धरतेस, तेही पकड सैल ठेवून चालव. झोपताना मनगट सरळ ठेवणारा पट्टा बांध. औषधांच्या दुकानात स्प्लिंट म्हणून मागितलास की मिळतो, फार घट्ट मात्र आवळू नकोस. हे सगळे आजपासून करायचे आहे, पण डॉक्टरांकडे जाण्याऐवजी नव्हे.

हे पत्र मी तीन दिवस थोडे थोडे लिहिते आहे, कारण अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ मी आता एका बैठकीत टाइप करत नाही.

गुरुवारी रात्री फोन कर. तोपर्यंत रात्री जाग आली की दिवा लावून एकेका बोटाला दुसऱ्या हाताने स्पर्श करून पाहा, आणि करंगळीला मुंग्या येतात की नाही ते लिहून ठेव. मीटिंगमध्ये काय ठरले ते नंतर सांग. करंगळीचे आधी सांग.

तुझी,
आई