'एका गाण्याचा धनी' म्हणण्याआधी ऐका तरी

माननीय संपादक,

स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीतला ट्रान्स संगीतावरचा (क्लबात रात्रभर नाचायला लावतात त्या इलेक्ट्रॉनिक संगीतावरचा) लेख वाचला. इटालियन संगीतकार रॉबर्ट माइल्सला लेखकमहाशयांनी दीड ओळीत निकालात काढलंय: 'एका गाण्याचा धनी', आणि त्याचं संगीत म्हणे 'झिंगलेल्या पोरांना आणखी झिंगवणारं'. बाकीच्या लेखाबद्दल माझी तक्रार नाही, कारण त्यात तक्रार करण्याइतकंही काही नाही.

'चिल्ड्रन' ही त्याची गाजलेली रचना नेमकी उलट कारणासाठी झाली. तेव्हा इटलीत शनिवारी रात्रभर नाचून पहाटे गाडी हाकत निघालेली पोरं रस्त्यावर मरत होती. 'शनिवार रात्रीचं हत्याकांड' असं नावच त्याला पडलं होतं. क्लबात रेकॉर्डी वाजवणाऱ्या या माणसाला (मूळ नाव रोबेर्तो कोंचिना) रात्र संपताना लावायला काहीतरी शांत हवं होतं, म्हणजे पोरांच्या अंगातलं वारं उतरेल आणि ती धड घरी पोचतील. शिवाय वडिलांनी युगोस्लाव्हियातल्या युद्धातून आणलेले लहान मुलांचे फोटो त्याच्या डोळ्यांसमोर होते. झिंगवणारं म्हणे!

1996 साली मी कॉलेजात होतो. 'चिल्ड्रन' ज्यात आहे त्या 'ड्रीमलँड' अल्बमची कॅसेट वॉकमनवर झिजवली. आमचे बाबा जन्मभर तबला शिकवत आले. एकदा त्यांनी माझ्या कानावरचा हेडफोन काढून स्वतःच्या कानाला लावला. आता बोलणी बसणार म्हणून मी अंग चोरून बसलो. त्यांनी 'चिल्ड्रन' शेवटपर्यंत ऐकलं, गुडघ्यावर बोटं चालू. मग म्हणाले, "मुखडा गोड आहे रे, पण हा अंतऱ्याला कधी जाणार?" तुमच्या समीक्षकांना तीन कॉलमांत असं एक वाक्य सुचलेलं नाही. कारण उघड आहे, बाबांनी आधी ऐकलं होतं.

एकच गाणं? 'ड्रीमलँड'मधलंच, मारिया नेलरने गायलेलं 'वन अँड वन' ब्रिटनमध्ये तिसऱ्या क्रमांकावर गेलं होतं. नंतर हा गृहस्थ त्याच चालीच्या दहा आवृत्त्या काढून सुखात राहू शकला असता. त्याने ती वाट सोडली, 2001 मध्ये 'ऑर्गॅनिक' हा अल्बम केला आणि 2004 मध्ये त्रिलोक गुर्टूंबरोबर अख्खा अल्बम. त्रिलोक म्हणजे शोभा गुर्टूंचे चिरंजीव, हे मराठी वृत्तपत्राला मी कळवायचं? ती सीडी मी बाबांना मुद्दाम ऐकवली. ते त्रिलोकचाच तबला ऐकत राहिले. माइल्सचं काय, असं विचारलं तर म्हणाले, "मध्ये मध्ये येत नाही, हे बरं करतो." बाबांच्या तोंडून एवढं ऐकायला त्यांच्या शिष्यांना वर्षं लागत.

आणि हो, 'हल्ली कुठे असतो कोण जाणे' अशी खुसखुशीत ओळही लेखात आहे. माइल्स 2017 च्या मे महिन्यात स्पेनच्या इबिझा बेटावर वारला. वय 47.

सोबत छापलेला हात वर करून उड्या मारणारा फोटोही त्याचा नाही. तो कुणाचा हे मला माहीत आहे, पण ते तुम्हीच शोधा. तेवढ्यात वेळ उरला, तर गेल्या दोन रविवारच्या शब्दकोड्यांची उत्तरंही छापावीत. सहा उभा माझा अजून अडलेला आहे.

आपला,
एक जुना वर्गणीदार