मेलेला माणूस सुपारी चघळत बसला होता

मडांग, पापुआ न्यू गिनी
५ फेब्रुवारी २०२६

प्रिय गड्या,

तुझं पत्र मिळालं, तेही ओलंचिंब. इथला पावसाळा नोव्हेंबरात लागतो आणि एप्रिलपर्यंत हलायचं नाव घेत नाही. कपाटातल्या झग्याला बुरशी, होस्तींच्या, म्हणजे मिस्सातल्या पवित्र भाकरीच्या, डब्यात मुंग्या आणि जीप चिखलात. रात्रीचे नऊ वाजलेत. तुझ्याकडे साडेचार, म्हणजे चहा चालला असेल.

तू विचारलंस, ‘मिशनरी म्हणजे तू तिथे नेमकं करतोस तरी काय?’ खरं सांगू? निम्मा वेळ माझी फजिती होण्यात जातो.

या देशात ८०० च्या वर भाषा आहेत, पण सगळ्यांना जोडते ती टोक पिसिन. ऐकायला इंग्रजीची मोडतोड वाटते. गाडी बिघडली की ‘बागरप’, मित्र म्हणजे ‘वनटोक’, एका बोलीचा माणूस. मी पहिल्याच महिन्यात शेफारलो. एका संध्याकाळी एक पोरगा धावत आला: “पाटर, ओल इ किलिम ब्राटा बिलोंग मी!” किलिम! मला ऐकू आलं इंग्रजी ‘किल’, भावाला ठार केलं. मी रुग्णाभ्यंगाचं, म्हणजे मरणाच्या दारातल्या माणसाला लावायचं, तेल घेतलं, स्टोला, पुरोहिताचा तो पट्टा, गळ्यात टाकली आणि पळत सुटलो. नदी मांडीभर होती, एक चप्पल तिने नेली. पलीकडे पोचून बघतो तर मेलेला भाऊ ओट्यावर बसून सुपारी चघळतोय. कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ, बस्स.

‘किलिम’ म्हणजे नुसतं मारलं. जीव घेतला असेल तर ‘किलिम इ दाइ’. त्यातही नुसतं ‘दाइ’ म्हणजे शुद्ध हरपली असंही असतं, खरोखर गेला असेल तर ‘दाइ पिनिस’. आता तूच बघ, ‘मास्तरांनी मारलं’ आणि ‘वाघाने मारलं’ यातला फरक जन्मापासून कळणाऱ्या माणसाने तरी हे ओळखायला नको होतं का? मी वसईचं मराठी घरी ठेवून इंग्रजीच्या कानाने ऐकत होतो. टेंगूळवाल्याने मला सुपारी दिली. इथे नागवेलीचं पान सहसा घेत नाहीत, तिच्याच जातीच्या वेलीची शेंग चुन्यात बुडवून सुपारीसोबत चावतात. तुझ्या आजोबांच्या पानमळ्याची आठवण आली आणि मी मोठा घास घेतला. चुन्याने जीभ भाजली. मग गावाला हसायला दुसरं कारण मिळालं.

दुसरी गोष्ट वहिनींना वाचून दाखवू नकोस. इथे मन पोटात असतं. दुःख म्हणजे ‘बेल हेवी’, पोट जड. शांती म्हणजे ‘बेल इसी’. आणि पश्चात्ताप, मनपरिवर्तन म्हणजे ‘तानिम बेल’, पोट फिरवणे. गेल्या वर्षी ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या पहिल्या रविवारी मी तानिम बेलवर प्रवचन द्यायला उभा राहिलो. आदल्या रात्री वाफवलेला मासा खाल्ला होता. तिसऱ्या वाक्याला माझंच पोट फिरलं. झगा सावरत मी देवळाच्या मागच्या दाराने जो पळालो, तो वीस मिनिटांनी परतलो. तोवर आमच्या कॅटेकिस्टने, म्हणजे गावच्या धर्मशिक्षकाने, माझ्या जागी उभं राहून प्रवचन संपवलं होतं आणि लोक गात होते. मी त्याला विचारलं, काय सांगितलंस? म्हणाला, “सांगितलं, पाटर करून दाखवतोय.”

या कॅटेकिस्टबद्दल मला लिहायचंच होतं. शाळा सहावीपर्यंत, पायात बूट नाहीत. मी महिन्यातून एकदा पोचतो त्या वाड्यांवर दर रविवारी प्रार्थना हा घेतो, आजाऱ्याजवळ हा बसतो, भांडणं हा मिटवतो. गेल्या १९ ऑक्टोबरला पोप लिओंनी रोममध्ये पीटर टो रोटला संत घोषित केलं, या देशाचा पहिला संत. रबाऊलजवळच्या राकुनाईचा, बायकोमुलं असलेला कॅटेकिस्टच होता तो. महायुद्धात जपान्यांनी मिशनऱ्यांना डांबलं तेव्हा गावाचा धर्म त्याने सांभाळला, दोन बायका करण्याच्या मोकळिकीविरुद्ध बोलला आणि १९४५ मध्ये कैदेत मारला गेला. तो संत झाला त्या रात्री इथे पहाटेपर्यंत कुंडू ढोल वाजले. आमचा कॅटेकिस्ट मात्र ढोलाजवळ न जाता माझी जीप चिखलातून ढकलत होता.

आणि आज आपल्या वसईच्या संत गोन्सालो गार्सियाचा दिवस. १५९७ साली याच तारखेला नागासाकीत क्रूसावर गेला. तोही फादर नव्हे, ब्रदर, म्हणजे पुरोहित न झालेला संन्यासी. जपानी उत्तम येई म्हणून दुभाष्या. दोघांकडे बघतो आणि वाटतं, आमच्या झग्यावाचून देवाचं फारसं अडत नसावं. हे बिशपांच्या कानावर घालू नकोस.

आता बाबा गेले त्याचं. निरोप आला तेव्हा मी आतल्या वाडीवर होतो, विमान गाठायचं तर दोन दिवस. दफन चुकणार हे कळलं आणि मी प्रार्थनेला बसलो तर शब्दच फुटेना. त्या रात्री देव आहे की नाही, हे मला कुणी विचारायला नको होतं. बाहेर आलो तर अंगणात माणसं बसलेली. याला ‘हाउस क्राइ’ म्हणतात, रडण्याचं घर. कुणी गेलं की लोक येऊन बसतात, रडतात, शिजवतात, तिथेच झोपतात. ज्या माणसाला कुणी पाहिलं नाही त्याच्यासाठी तीन दिवस बसले. बायकांनी केळीचे घड आणले. बाबांना सांगायचं राहून गेलं की या देशात डोंगरातल्या कुक दलदलीत सुमारे ७,००० वर्षांपूर्वी केळी लावत होते. ऐकून म्हणाले असते, “तरी सुकेळी आपलीच.”

एका म्हातारीने बाबांचं नाव विचारलं. मी सांगितलं. तिने गळा काढला आणि त्या नावाने रडू लागली, पण उच्चार असा काही केला की मला हसू आलं. तिने माझ्याकडे पाहिलं, डोळे पुसले आणि पुन्हा म्हटलं, पुन्हा चुकीचं. मी दुरुस्त केलं नाही. मग मला रडू आलं, निरोप आल्यापासून पहिल्यांदा.

आईकडे जाऊन ये. तिला सांग मी नीट जेवतो. मासा सांगू नकोस. कुणी इकडे येणारं असलं तर थोडी सुकेळी पाठव, त्या म्हातारीला द्यायची आहेत. दिव्याची बॅटरी लुकलुकतेय, थांबतो.

तुझाच,
फादर (तुला हसू येतं तरी)