उत्तररंगाला पुरेसा वेळ मिळावा

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

पुढील महिन्यात आपल्या शहरातील नाट्यगृहात लागोपाठ तीन संध्याकाळी अनुक्रमे नारदीय कीर्तन, माणभटाचे (तांब्याच्या घागरीवर ताल धरून गायिलेले) गुजराती आख्यान आणि नाट्यसंगीत असे कार्यक्रम होणार असल्याचे वाचून फार आनंद झाला. बडोद्याच्या दांडियाबाजारात लहानाचा मोठा झालेल्या आणि गेली बत्तीस वर्षे कीर्तनाला पेटीची साथ करणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला मराठी कीर्तन आणि गुजराती आख्यान एकाच रंगमंचावर पाठोपाठ ऐकण्याचा योग आजवर आला नव्हता. आयोजकांचे मनःपूर्वक अभिनंदन करून त्यांना एकच विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. कथा सांगणाऱ्याला ती पुरी करण्याइतका वेळ मिळावा, एवढीच ती विनंती आहे.

ती का करावीशी वाटते, हे सांगण्यासाठी दोन वर्षांपूर्वीचा एक प्रसंग लिहितो. शहरातल्याच एका सभागृहात कीर्तन होते आणि मी पेटीवर होतो. पत्रिकेवर वेळ साडेसहाची होती. पाहुणे येईपर्यंत सात वाजले, आणि त्यानंतर दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रास्ताविक, शाल-श्रीफळ देऊन एकामागून एक सत्कार, तीन भाषणे आणि आभार एवढे सगळे उरकेपर्यंत आठ वाजायला पाच मिनिटे उरली होती. सभागृह साडेनऊला रिकामे करून द्यायचे होते. बुवा अनुभवी होते, त्यामुळे त्यांनी कपाळाला आठी पडू दिली नाही. पूर्वरंगाचा अभंग त्यांनी पाऊण तासात आवरला, मध्यंतरातला नामगजर थोडक्यात घेतला आणि उत्तररंगाला, म्हणजे कथेच्या भागाला, सुदामदेवाचे आख्यान लावले. द्वारकेच्या महालात बसलेल्या सुदाम्याचा संकोच त्यांनी असा उभा केला होता की सभागृहात कोणी खोकतही नव्हते. स्वतःच्या उपरण्याच्या टोकाला गाठ मारून ती पुरचुंडी त्यांनी काखेत दडवली होती आणि श्रीकृष्ण हात पुढे करतो तसतसे ते एकेक पाऊल मागे सरत होते. नेमक्या त्या क्षणी विंगेतून एक कार्यकर्ता वाकत वाकत आला आणि माझ्या पेटीवर चिठ्ठी ठेवून गेला. तिच्यावर 'दहा मिनिटे, आरती घ्या' एवढेच लिहिले होते. मी ती बुवांना दाखवली. त्यांनी गाठ तशीच काखेत ठेवून दोन वाक्यांत सुदामपुरी सोन्याची केली आणि आरतीसाठी हात जोडले.

नंतर रंगपटात ते उपरण्याची गाठ सोडत बसले होते. ती घट्ट बसली होती, म्हणून मी सोडून दिली. आत खरोखरच मूठभर पोहे होते. श्रीकृष्णाने पोहे खाल्ल्यावर पुढे बसलेल्या मुलांच्या हातावर चार चार दाणे ठेवायचे, ही त्यांची वर्षानुवर्षांची पद्धत होती आणि त्यासाठी ते पोहे घरून घेऊन आले होते. ते त्यांनी कागदात बांधून पिशवीत ठेवले आणि काही न बोलता टॅक्सीत बसले. त्यांना निरोप देताना मला काय बोलावे हे सुचले नाही.

कीर्तनाची बांधणी ज्यांना जवळून ठाऊक नाही, त्यांच्यासाठी थोडे विस्ताराने लिहितो. नारदीय कीर्तनात नमनानंतर पूर्वरंग येतो. त्यात एखादा अभंग किंवा पद मूळ धरून कीर्तनकार त्याचे निरूपण करतो. मग मध्यंतर होते आणि त्यानंतर उत्तररंगात त्याच सिद्धांताला धरून आख्यान येते. म्हणजे पूर्वरंगात जे बुद्धीला पटवले, ते उत्तररंगात डोळ्यांसमोर घडवून दाखवायचे असते. उत्तररंग कापला की पूर्वरंगही अपुरा राहतो, कारण अभंगाच्या ज्या चरणाचा अर्थ कथेत उलगडायचा, तो चरण श्रोत्याच्या मनात तसाच लोंबकळत राहतो. शिवाय कीर्तनातले गाणे कथेपासून वेगळे काढता येत नाही. ओवी, श्लोक, आर्या, साकी, दिंडी, कटाव यांतले प्रत्येक वृत्त कथेच्या एकेका कामाला येते. पात्राचा विचार मोरोपंतांच्या आर्येत चपखल बसतो, मिरवणुकीचे किंवा युद्धाचे वर्णन कटावाच्या धावत्या लयीत रंगते आणि करुण प्रसंगी बुवा दिंडीवर येतात, तेव्हा पेटीवाल्याला नुसत्या त्यांच्या श्वासावरून ते कळते. वेळ कमी पडला की सर्वांत आधी ही वृत्तेच गळतात. मग राहतो तो गोष्टीचा सारांश, आणि सारांश ऐकण्यासाठी कोणी घरून निघत नाही.

दुसऱ्या संध्याकाळच्या आख्यानालाही हेच लागू आहे. माण म्हणजे अरुंद तोंडाची, मोठ्या पोटाची तांब्याची घागर. माणभट ती पुढ्यात घेऊन बसतो आणि बोटांत घातलेल्या अंगठ्यांनी तिच्यावर ताल धरून कथा गातो, म्हणून जुनी माणसे त्याला गागरिया भट असेही म्हणत. सतराव्या शतकातले महाकवी प्रेमानंद हे या परंपरेतले सर्वांत मोठे नाव, आणि ते आपल्या बडोद्याचे. त्यांचा काही काळ नंदुरबारला गेला, हे महाराष्ट्रातल्या वाचकांना सहसा ठाऊक नसते. अलीकडच्या काळात धार्मिकलाल पंड्या यांनी याच शहरात राहून ही कला आयुष्यभर जागती ठेवली. गुजराती आख्यान कडव्यांत बांधलेले असते. प्रत्येक कडव्याला आरंभी मुखबंध, मध्ये कथा पुढे नेणारा ढाळ आणि शेवटी वलण असते. वलणात झालेल्या कथेचा समारोप होतो आणि पुढच्या कडव्याची चाहूलही लागते. असे रचलेले काव्य मधूनच उचलून 'निवडक भाग' म्हणून सादर करायला सांगितले, तर वळण नसलेल्या रस्त्यासारखे ते कुठेच पोहोचत नाही.

सुदाम्याची कथा प्रेमानंदांनीही गायिली आहे. आपण ज्याला सुदाम्याचे पोहे म्हणतो, त्याला गुजरातीत सुदाम्याचे तांदुळ म्हणतात. माझ्या लहानपणी आमच्या वाड्यातल्या गुजराती शेजारीणबाई आईला कधी काही द्यायला आल्या, की वाटी पुढे करताना 'सुदामाना तांदुळ छे, बेन' म्हणत आणि आई त्यांना 'आमच्याकडे पोहे म्हणतात हो' असे सांगत असे. एकाच पुरचुंडीची ही दोन नावे या शहरात तीनशे वर्षे शेजारी शेजारी नांदली आहेत. पहिल्या संध्याकाळी बुवांनी आणि दुसऱ्या संध्याकाळी माणभटांनी हीच कथा घ्यावी, असे मला फार वाटते. निवड अर्थातच त्यांची, पण आयोजकांनी त्यांना विचारून तरी पाहावे.

कलावंताच्या वेळेची कदर करणे बडोद्याला नवे नाही. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १८८६ मध्ये गायक मौलाबक्ष यांच्या हाती गायनशाळा सोपवली. सुरसागर तलावाच्या काठी आज विद्यापीठाचे जे संगीत-नाट्य शिक्षण चालते, त्याचे मूळ तिथे आहे. संस्थानात कलावंत कारखाना नावाचे स्वतंत्र खाते होते आणि कोणी, कुठे, केव्हा हजेरी द्यायची याचे लेखी नियम होते. अखिल भारतीय संगीत परिषद १९१६ मध्ये पहिल्यांदा भरली ती महाराजांच्या आश्रयाने, पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या पुढाकाराने, याच शहरात. आफताब-ए-मौसिकी उस्ताद फैयाज खाँ इथले दरबारगायक होते. अशा गावात कीर्तनकाराच्या हाती चिठ्ठी यावी, हे मला अजून सलते.

तिसऱ्या दिवसाच्या नाट्यसंगीताविषयी मला फारशी काळजी नाही, कारण एखादे पद कमी झाले तरी मैफलीचा कणा मोडत नाही. मात्र तिन्ही संध्याकाळींचा धागा श्रोत्यांच्या ध्यानात आणून द्यावा, असे सुचवतो. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० मध्ये संगीत शाकुंतल रंगभूमीवर आणले, तेव्हा त्यात साकी आणि दिंडी होत्याच. कीर्तनाच्या चौरंगासमोर बसून ज्यांचे कान तयार झाले होते, त्यांना ते गाणे पहिल्याच दिवशी आपले वाटले असणार. निवेदकाने हे दोन वाक्यांत सांगितले तर पुरे.

आता आयोजकांना काही नेमक्या सूचना करतो. सत्कार करूच नयेत, असे माझे म्हणणे नाही. ज्यांनी पैसा आणि श्रम दिले, त्यांचा मान राखलाच पाहिजे. पण कीर्तनाच्या परंपरेने त्यासाठी स्वतःच जागा ठेवलेली आहे. मध्यंतरात बुवांना हार घालतात, बुक्का लावतात, सभेत नामगजर चालू असतो. त्याच वेळी देणगीदारांना आणि पाहुण्यांना व्यासपीठावर बोलावून गंध-बुक्का लावावा आणि हार घालावा. पाच मिनिटांत सर्वांचा सन्मान होईल, तो देवासमोर होईल आणि कथेचा एक क्षणही खर्ची पडणार नाही. भाषणे करायचीच असतील, तर ती तिसऱ्या दिवशी नाट्यसंगीताआधी ठेवावीत. पहिल्या दोन्ही दिवशी छापलेल्या वेळेला नमन सुरू व्हावे, मग पाहुणे आलेले असोत वा नसोत. पत्रिकेत 'उत्तररंग आठ वाजता' असे स्पष्ट छापले, तर उशिरा येणाऱ्यालाही आपण काय गमावतो हे कळेल. नाट्यगृह सत्रावर घेतले असेल, तर पुढचे सत्रही घ्यावे किंवा निदान अर्ध्या तासाची मुभा आधीच लेखी मागून ठेवावी. त्याचा खर्च तिकिटात थोडा वाढला तरी श्रोते देतील. मी तर आनंदाने देईन.

पुढच्या रांगांवर पांढऱ्या कापडाच्या खोळी घालून त्या निमंत्रितांसाठी अडवून ठेवू नयेत. त्या चिठ्ठीच्या दिवशी पहिल्या दोन रांगांत मिळून नऊ माणसे होती आणि लहान मुले मागे खांबाजवळ उभी होती. कीर्तनकार समोरच्या चेहऱ्यांवरून कथा वाढवतो किंवा आवरतो, त्यामुळे पुढे मुले आणि म्हातारी माणसे बसावीत आणि प्रेक्षागारातले दिवे पूर्ण मालवू नयेत. ध्वनिव्यवस्थेविषयी एवढेच सांगतो की माणेवरच्या अंगठीचा नाद बारीक आणि धातूचा असतो. आवाज फार चढवला तर तो कानाला टोचतो आणि शब्द बुडतात. आदल्या दिवशी माणभटांना बोलावून तासभर आवाजाची जुळवणी करून घ्यावी.

श्रोत्यांना, विशेषतः आपल्या मराठी मंडळींना, एक सांगावेसे वाटते. पहिल्या आणि तिसऱ्या संध्याकाळी आपण जाऊच, पण दुसऱ्या संध्याकाळीही जावे आणि पहिल्या दिवशी गुजराती शेजाऱ्यांना बरोबर न्यावे. आपण सगळे भाजीबाजारात आणि कचेरीत दिवसभर गुजराती बोलतो, मग आख्यान समजणार नाही असे मानण्याचे कारण नाही. मुलांना न्यावे आणि आरतीपर्यंत बसावे. शेवटची रिक्षा चुकेल म्हणून नऊलाच उठणारे श्रोते दिसले, की आयोजकांनाही चिठ्ठी पाठवण्याचे धैर्य येते, हे मी रंगमंचावरून अनेकदा पाहिले आहे. ज्यांना लांब जायचे आहे त्यांनी दोघा-तिघांत मिळून वाहनाची सोय आधीच करावी. आमच्या गल्लीतून एक गाडी निघणार आहे.

संपादक महोदय, आपल्या वृत्तपत्रात कार्यक्रमांच्या वेळा छापल्या जातात. या तीन दिवशी तिथे नमनाची आणि उत्तररंगाची अशा दोन्ही वेळा छापल्यास मी आभारी राहीन. पहिल्या दिवशी साथीला दुसरे पेटीवादक आहेत, त्यामुळे मी नातवाला घेऊन श्रोत्यांत बसणार आहे. बुवांनी सुदामदेव लावलाच, तर हात पुढे कसा करायचा हे मी त्याला आधीच सांगून ठेवले आहे.

आपला नम्र,
एक पेटीवादक वाचक
दांडियाबाजार, वडोदरा